गजबजलेल्या बागेत स्पारिंग: जागा हेरण्यापासून सामान आवरेपर्यंत

स्पारिंग म्हणजे जोडीदाराशी, जोर आवरून केलेला लढतीचा सराव. हॉलचं दार उघडून आत येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की इथे ठोसे आणि लाथा चालतात. बागेत ही गोष्ट फक्त तुम्हाला माहीत असते. चेंडूमागे धावणारं पोर, कानात इअरफोन घालून चालणारा माणूस, पट्टा सुटलेला कुत्रा, बाबागाडी ढकलणारी आई, यांच्यापैकी कोणीही तुमच्या सरावाला होकार दिलेला नसतो. त्यात लढणाऱ्या दोघांची नजर एकमेकांच्या छाती-खांद्यांवर खिळलेली. पाठीमागे काय चाललंय याचा त्यांना पत्ताही लागत नाही.

म्हणून सगळी तयारी एकाच प्रश्नाभोवती करायची: लढणाऱ्यांना जे दिसत नाही, ते कोण बघणार? या लेखात तंत्र शिकवलेलं नाही. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, कराटे, काठी, तलवार, ज्याचं जे असेल ते त्याने नीट शिकलेलं असावं आणि निदान काही महिने छपराखाली स्पारिंग केलेलं असावं. आयुष्यातलं पहिलं स्पारिंग करायला बाग ही चुकीची जागा आहे.

काय करायचं नाही, ते आधी ठरवा

उचलून आपटण्याचे डाव बागेत नकोत. गवत मऊ दिसतं, पण चार दिवस ऊन खाल्लेली माती गवताखाली दगडासारखी असते आणि मुळं वरून दिसत नाहीत. ज्युदोत पडताना हात सपाट आपटून धक्का विरवायला शिकवतात. तोच हात मुळावर आपटला तर मनगट गेलंच. एकात एक अडकणाऱ्या फोमच्या मॅट आणून अंथरता येतात, पण उंचसखल गवतावर त्या सरकतात, सांधे उघडे पडतात आणि त्यात पायाची बोटं अडकतात. कुस्ती किंवा जुजुत्सूवाल्यांना बागेतच खेळायचं असेल तर गुडघ्यांवरून सुरुवात करा, उभ्याने नको.

गळा आवळण्याचे डावही घरी ठेवा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. जोडीदाराने वेळेवर हाताने थोपटून इशारा दिला तर काही होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बाकावर बसलेल्या आजींना माहीत नाही. त्यांना दिसतो तो एकाचा गळा आवळणारा दुसरा माणूस. पुढे जे काही होईल त्यात त्यांची काही चूक नसते.

तिसरी गोष्ट, जुना हिशेब असलेल्या दोघांची जोडी उघड्यावर लावायची नाही. आजूबाजूला बघे जमले की माणूस दोन अंगुळं उंच होतो, आणि मग माघार घेणं त्याला जड जातं.

परवानगी

बाग ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांना आधी विचारा. काही बागांत गटाने व्यायाम करायला परवानगी लागत नाही, काही ठिकाणी ठरावीक संख्येच्या वर लागते, काही ठिकाणी खेळाचं कोणतंही हत्यार चालत नाही. तोंडी 'करा की' एवढ्यावर थांबू नका. एका पानाचं पत्र द्या: किती माणसं, कोणता वार, किती ते किती, बागेचा नेमका कोणता कोपरा, कोणती उपकरणं, प्रथमोपचाराची सोय काय आणि जबाबदार माणूस कोण. 'फायटिंग' हा शब्द टाळा आणि 'संरक्षक साहित्य घालून हलक्या संपर्काचा सराव' असं लिहा. ते खरंही आहे आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतं चित्रही उभं राहत नाही. शिक्का किंवा उत्तर आलं की त्याची प्रत सामानाच्या पिशवीतच राहू द्या.

गटाला नाव नसेल तर अर्ज भरताना अडतं. मध्ययुगीन पद्धतीने ढाल-तलवार खेळणाऱ्या 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम' या अमेरिकी मंडळाची सुरुवात १९६६ साली बर्कलीतल्या एका घराच्या परसात झाली. पुढच्या स्पर्धेसाठी सार्वजनिक बाग राखून ठेवायची, तर अर्जावर मंडळाचं नाव हवं, म्हणून ते लांबलचक नाव जन्माला आलं. तुम्ही जरा आटोपशीर नाव शोधा.

जागा

आधी एकदा, ज्या वेळी सराव करायचा त्याच वेळी, नुसतं जाऊन बसा. सकाळी सहाची बाग आणि संध्याकाळी सहाची बाग एक नसते. माणसं कुठून कुठे जातात ते बघा. आखलेल्या फरसबंदी वाटेपेक्षा गवतातून पडलेली पायवाट महत्त्वाची, कारण घाईतली माणसं तिथूनच जातात. मुलांची खेळणी, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, सायकलची वाट आणि कुत्र्यांना मोकळं सोडण्याची जागा, यांच्यापासून लांब बसेल असा तुकडा निवडा. एका बाजूला भिंत, दाट कुंपण किंवा झुडपांची रांग असेल तर उत्तम. तेवढी एक बाजू राखायची वाचते.

मग जमीन. सराव सुरू करण्याआधी सगळ्यांनी हातभर अंतरावर एका ओळीत उभं राहून तो तुकडा सावकाश चालून जायचा, नजर खाली. काच, बाटलीची झाकणं, खडे, कुत्र्याची घाण, पाण्याच्या फवाऱ्यांची जमिनीत बसवलेली तोंडं, उंदरा-घुशींची बिळं. बिळात पाय गेला तर गुडघा पिळवटतो, आणि ही इजा ठोशाने होणाऱ्या बहुतेक इजांपेक्षा जास्त दिवस घरी बसवते. अनवाणी खेळण्याची हौस बागेत नको. सपाट तळव्याचे, पकड असलेले पण खिळे नसलेले बूट घाला, आणि बूट आहेत म्हणून लाथांचा जोर आणखी कमी करा. गवत दवाने किंवा पावसाने ओलं असेल तर त्या दिवशी लाथा बंद, फक्त हात.

सूर्य खाली असेल तर जोडी अशी उभी करा की ऊन दोघांच्याही बाजूने येईल. एकाच्या डोळ्यांत ऊन असेल तर ठोसा अंगावर येईपर्यंत त्याला दिसत नाही.

रिंगण

कराटेच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात लढण्याची चौकट ८ बाय ८ मीटरची असते आणि तिच्याभोवती सुरक्षेचा पट्टा असतो. बागेत एवढी चौकट लागत नाही, पण पट्टा मात्र जास्त रुंद हवा. एका जोडीला ५ बाय ५ मीटर पुरतात. त्याभोवती चहूबाजूंनी किमान ३ मीटर मोकळे सोडा. हातात काठी असेल तर ५ मीटर आणि लांब तलवार असेल तर त्याहून जास्त, कारण हत्यार हातातून सुटून उडू शकतं.

सीमा आखायला बशीसारखे चपटे प्लॅस्टिकचे कोन सर्वांत बरे. पाय पडला तरी ते दबतात. दोरी बांधू नका. लढणारा मागे सरकताना तिच्यात अडकतो आणि बाहेरची पोरं तिच्याखालून आत शिरतात. कोनांच्या बाहेर आपल्याच लोकांना बसवलं की सीमा आपोआप दिसू लागते. ब्राझीलच्या कापोएरा या नाचासारख्या लढतीच्या कलेत खेळ चालतो तो माणसांनी केलेल्या वर्तुळातच. त्याला ते 'होदा' म्हणतात. १८९० च्या दंडसंहितेने ज्या कापोएराला गुन्हा ठरवलं होतं, त्याच्या या वर्तुळाला २०१४ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. माणसांच्या कड्याइतकं समजायला सोपं कुंपण दुसरं नाही, फक्त त्यातली निम्मी माणसं बाहेर तोंड करून बसलेली हवीत.

एका वेळी एकच जोडी. दोन जोड्या शेजारी शेजारी लावल्या की त्या सरकत सरकत एकमेकींत घुसतात.

राखणदार

लढणाऱ्यांना जे दिसत नाही ते बघण्यासाठी रिंगणाकडे पाठ करून उभा राहणारा एक माणूस हवा. आत बघणारा पंच तर असतोच, पण त्याचं लक्ष हात-पाय, दम आणि जोर यांच्यावर असतं. राखणदाराने लढत बघायची नाही, एकही ठोसा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण पाठीमागे 'वा!' असा आवाज आला की मान आपोआप वळते. म्हणून दर राउंडला राखणदार बदला आणि या कामाला सगळ्यांत नवख्याला उभं करू नका. जो सर्वांत शांत आणि ज्याचा आवाज मोठा, तो इथे. रिंगणाची एक बाजू बंद नसेल तर दोन राखणदार लागतात, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर.

त्याच्याकडे शिट्टी हवी आणि पूर्ण अधिकार हवा. शिट्टी वाजली की दोघांनी हात खाली न टाकता, तोंडापुढे धरून, दोन पावलं मागे जायचं आणि मगच बघायचं काय झालं ते. हा क्रम महत्त्वाचा. शिट्टी ऐकून दोघांपैकी एक थांबला आणि दुसऱ्याचा निघालेला हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) थांबला नाही, तर हात खाली टाकलेल्याचा जबडा उघडा सापडतो. पहिल्या राउंडच्या आधी हे दोनदा कोरडं करून बघा: मधेच शिट्टी, दोन पावलं मागे, मग नजर बाहेर.

शिट्टी कधी? पट्ट्याच्या आत पाय पडला की. 'येईल असं वाटतंय' तेव्हा आधी राखणदाराने स्वतः पुढे जाऊन हात आडवा करून थांबवायचं, हसून, 'जरा इकडून जाता का' म्हणायचं. मूल असेल तर बोलत बसायचं नाही, सरळ शिट्टी. चेंडू आत आला तर चेंडूला हात न लावता लढत थांबवायची, कारण चेंडूमागून पोर येतंच. कुत्रा धावत आला तर सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, हात अंगाशी, कोणी पळायचं नाही. झटापट आणि पळापळ या दोन गोष्टींनीच तो चेकाळतो. मालक येऊन त्याला घेऊन जाईपर्यंत राउंड बंद.

सुरुवातीला एका राउंडमध्ये चार-पाच वेळा थांबावं लागेल आणि चिडचिड होईल. चिडचिड झाली तर जागा चुकली आहे असं समजा, राखणदार नव्हे.

जोर

हलकं खेळायचं असं दोघंही म्हणतात आणि दुसऱ्या मिनिटाला दोघंही जोरात मारत असतात. यात वाईट हेतू नसतो. २००३ साली 'सायन्स' या नियतकालिकात लंडनच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग मांडला होता: दोघांनी आळीपाळीने एकमेकांचं बोट दाबायचं, समोरच्याने जितक्या जोराने दाबलं तितक्याच. तरी दर खेपेला जोर वाढत गेला. स्वतः लावलेला जोर मेंदू कमी मोजतो आणि अंगावर आलेला पूर्ण मोजतो. स्पारिंगमध्ये हेच होतं, त्यात बघ्यांची भर.

म्हणून 'तीस टक्के जोर' वगैरे आकडे सांगून उपयोग नाही. जोर अंगावर मोजून घ्या. लढतीआधी एकाने दुसऱ्याच्या दंडावर तीन जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) मारायचे आणि खाणाऱ्याने 'कमी', 'ठीक' किंवा 'आणखी थोडा चालेल' यांपैकी एक सांगायचं. मारणाऱ्याला काय वाटलं हे कोणी विचारायचं नाही. मग उलट. तेच पोटावर, तेच मांडीवर लाथेने. डोक्याला 'आणखी थोडा' हा पर्याय नाही. तिथे ग्लोव्ह टेकला एवढंच कळायला हवं. दर राउंडनंतर परत एकदा. अर्धा मिनिट जातो, पण सगळ्या साहित्यापेक्षा हाच अर्धा मिनिट जास्त कामाचा आहे.

वेग हवा तेवढा ठेवा, वजन काढून टाका. ठोसा लागल्यावर तो आत ढकलायचा नाही, परत ओढायचा. पंचाने दोन खुणा बघाव्यात: ओठ घट्ट मिटून श्वास रोखला गेला, किंवा एक ठोसा खाल्ल्यावर त्याच क्षणी तोच ठोसा परत आला. दोन्हींचा अर्थ एकच, राग चढतोय. अशा वेळी राउंड संपायची वाट बघायची नाही.

तीन मिनिटांचा राउंड आणि एक मिनिटाची विश्रांती ही १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांपासून चालत आलेली रीत आहे. बागेत दोन मिनिटं पुरे आणि उन्हात तर विश्रांतीही तेवढीच. दमलेल्या माणसाचे हात खाली येतात, आणि राखणदाराची एकाग्रताही दोन मिनिटांच्या वर टिकत नाही.

साहित्य

१६ औंसांचे, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमचे ग्लोव्हज, आत हाताला पट्टी, स्वतःच्या दातांवर बसवलेला माऊथगार्ड, जांघेला कप, लाथा असतील तर नडगीवर शिनगार्ड. अंगठ्या, घड्याळं, कानातलं काढून ठेवायचं, नखं कापलेली. उघड्या बोटांचे पातळ एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) ग्लोव्हज डोक्याच्या स्पारिंगला नकोत.

हेडगार्डबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. त्याने कातडी फाटणं, कान सुजणं, डोक्याला डोकं आपटून होणारी जखम, हे कमी होतं. मेंदूला बसणारा हादरा थांबतो असं मात्र नाही, कारण डोकं गरकन फिरायचं ते फिरतंच. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवाय खेळले ते याच वादानंतर. बागेत हेडगार्ड घाला, पण तो घातला म्हणून जोर वाढवू नका. त्याचा एक वेगळा फायदा आहे: लांबून बघणाऱ्याला कळतं की ही मारामारी नाही, खेळ आहे.

काठी आणि तलवार

वेत, बांबू किंवा फोम गुंडाळलेली काठी, नायलॉनची किंवा लाकडी तलवार, यांना डोळे आणि गळा झाकणारा मास्क लागतोच. तो तलवारबाजीचाच हवा, क्रिकेटचं हेल्मेट नव्हे. जाळीतून टोक आत जाता कामा नये. दर राउंडआधी काठीवरून कापड फिरवा; कापड अडकलं तर तिथे चिरफळी निघाली आहे, ती काठी बाद. बांबू फुटला की चिरफळ्या उडतात, त्यामुळे मास्क नसलेलं कोणीही पट्ट्याच्या आत नको.

पोलादी पातं, बोथट असलं तरी, लेखी परवानगीशिवाय बागेत आणू नका. हत्यारं नेण्या-आणण्याचे कायदे जागोजागी वेगळे आहेत, ते आधी बघा. कोणतंही हत्यार बंद पिशवीतून रिंगणापर्यंत आणि रिंगणातून परत बंद पिशवीत. नळावर पाणी प्यायला जाताना काठी खांद्यावर टाकून जायचं नाही.

बघे, कॅमेरे, पोलीस

माणसं जमणारच. त्यांच्याशी बोलायला एक जण वेगळा ठेवा, राखणदाराने गप्पा मारायच्या नाहीत. रिंगणाजवळ एक पाटी लावा: 'सराव चालू आहे. कृपया कोनांच्या बाहेर थांबा.' सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट असले तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात. राउंडच्या आधी वाकून अभिवादन आणि नंतर ग्लोव्हला ग्लोव्ह, हे मोठ्याने आणि दिसेल असं करा. शिवीगाळ बंद, गमतीतलीसुद्धा. लांबून ऐकणाऱ्याला गंमत कळत नाही.

दर वेळी एक जण येतोच: 'माझ्याशी खेळ बघू.' उत्तर नेहमी एकच, हसून: आजच्या जोड्या ठरलेल्या आहेत, शिकायचं असेल तर अमुक दिवशी या. त्याला ग्लोव्हज द्यायचे नाहीत, गमतीत एक ठोसाही नाही. त्याचा अनुभव, त्याने प्यायलेलं काय, त्याची जुनी दुखणी, यातलं तुम्हाला काही माहीत नाही. लहान मुलांनाही पॅडवर एक ठोसा मारू द्यायचा तर लढत थांबवून, रिंगणाच्या बाहेर आणि पालक शेजारी असताना.

सार्वजनिक जागेत लोक फोन काढतात, त्याबद्दल वाद घालू नका. गटात अल्पवयीन असतील तर 'मुलांचं चित्रण नको' एवढी विनंती करा, आणि नाहीच ऐकलं तर मुलांचे राउंड त्या वेळी घेऊ नका.

कोणीतरी घाबरून पोलिसांना फोन केला आणि ते आले, तर शिट्टी, ताबडतोब. काठ्या जमिनीवर, माऊथगार्ड बाहेर, ग्लोव्हज काढलेले, हात दिसतील असे. माऊथगार्ड तोंडात ठेवून बोललेलं कोणाला समजत नाही आणि ग्लोव्ह घातलेला हात हलवत बोलणारा माणूस नको तसा दिसतो. पत्राची प्रत घेऊन एकानेच पुढे जायचं. त्यांनी 'आज बंद करा' म्हटलं तर आज बंद. दाद मागायची ती बागेच्या कचेरीत, दुसऱ्या दिवशी.

कोणाला लागलं तर

रुग्णवाहिकेला कोणत्या दारातून आत येता येईल हे सराव सुरू करण्याआधी बघून ठेवा. बहुतेक बागांच्या लहान फाटकांना खांब असतात आणि गाडी आत येत नाही. ते दार आणि जवळची खूण सगळ्यांना सांगा. आणीबाणीत एकाने फोन, एकाने त्या दाराशी उभं राहायचं.

नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. पक्का दात निघून आला तर त्याला मुळाशी न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरा, घासू नका, दुधात टाका आणि तडक दातांच्या डॉक्टरांकडे. विजेचा कडकडाट ऐकू आला की सराव बंद, झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही.

डोक्याला लागल्याचं प्रकरण वेगळं. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. भोवळ, गोंधळलेली नजर, तोल जाणं, तोच प्रश्न परत परत विचारणं, डोळ्यांपुढे धूसर होणं, यातलं एकही दिसलं तर त्या दिवसाचं स्पारिंग संपलं, तो कितीही 'मी ठीक आहे' म्हणाला तरी. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, मान दुखणं, दोन दोन दिसणं, झोपाळूपणा: थेट रुग्णालय. मान दुखत असेल तर त्याला हलवायचं नाही, हेडगार्डही ओढून काढायचा नाही. अशा माणसाने एकट्याने घरी जायचं नाही आणि गाडी चालवायची नाही.

पहिले एक-दोन दिवस आराम, मग हलका व्यायाम, मग हळूहळू चढत जायचं, दर पायरीला किमान २४ तास. त्रास परत सुरू झाला की एक पायरी खाली. पुन्हा ठोसे खायला डॉक्टरांच्या होकारानंतरच.

आवराआवर

कोन मोजून उचला, जेवढे मांडले तेवढे. चिकटपट्टीचे तुकडे, बाटल्या, बांबूच्या चिरफळ्या वेचून घ्या. रक्त सांडलं असेल तर हातमोजे घालून पुसून, पाणी ओतून जागा स्वच्छ करा. पुढच्या वेळी रिंगण दहा पावलं सरकवा, नाहीतर महिनाभरात तिथलं गवत जातं, चिखल होतो आणि परवानगी देणाऱ्यांच्या हाती आयतं कारण येतं. रात्री गटावर डोक्याला ठोसा खाल्लेल्या प्रत्येकाला एक निरोप पाठवा, 'डोकं कसं आहे?', आणि उत्तर आलं नाही तर फोन करा.